दोन घरांतून गेलेला दोर

धाकट्या सुनेला दुसरी मुलगी झाली, त्याच वर्षी डोंगराखालची दगडाची खाण बंद पडली. खाणीत पाणी लागलं होतं. मालकानं आधी एक पंप लावला, मग दुसरा लावला, आणि एके दिवशी दोन्ही पंप ट्रकात घालून निघून गेला. मागे राहिला हिरव्या पाण्याचा खड्डा आणि घणाशिवाय दुसरं काही हातात न धरलेली माणसं. धाकटीचा नवरा त्यांतलाच. मिसरूड फुटायच्या आधीपासून खाणीत, म्हणून सगळे त्याला दगड्या म्हणत. त्याची आईसुद्धा.

दगड्या ओट्यावर बसून राहिला. बसून बसून ओट्याचा कोपरा झिजतो की काय, असं धाकटीला वाटायला लागलं. मग लांबच्या खाणीवरच्या मुकादमाचा निरोप आला. माणसं हवीत, नदीला पाणी चढायच्या आत या, राहायची सोय आहे, बायकापोरांची नाही.

"काय करू?" दगड्यानं विचारलं.

"जायचं तर जा. पण माझ्या बापानं दोर वळून तीन मुली उजवल्या. मला येतं ते."

"दोरावर कुठं घर चालतं?"

"खाणीवर चाललं का?"

बोलण्यात बायकोशी दगड्या कधी जिंकला नव्हता आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. शेवटी ठरलं असं, की नदी भरेपर्यंत दोर वळून बघायचे. तोवर चूल त्याच्यावर चालली तर ठीक, नाहीतर दगड्यानं पिशवी भरायची. धाकटीनं मान हलवली, पण मनातून नाही. लांबच्या खाणीवर गेलेला तिचा भाऊ वर्षातून एकदा घरी येई, आणि त्याची मुलं त्याला बघून आईच्या मागे लपत.

धंद्याला भांडवल लागतं म्हणतात. धाकटीचं भांडवल बांधावर फुकट उभं होतं. घायपात कुणी लावत नाही, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, काट्यामुळे कुणी जवळही जात नाही. त्याची जाड पानं कापायची, ओढ्याकाठी खड्ड्यात कुजत घालायची, कुजली की लाकडी मोगरीनं बडवून धुवायची. पानाचं मांस निघून जातं आणि पांढरा वाख हातात राहतो. ऐकायला सोपं. पण घायपाताचा चीक अंगाला लागला की अशी खाज सुटते की माणूस भांडायला कुणीतरी शोधतो. दगड्याचे हात घणानं टणक झालेले, तरी कोपरापर्यंत लाल झाले.

"दगड बरा होता. निदान चावत नव्हता," तो म्हणाला.

"खोबरेल लावा आणि बडवा."

एका मोडक्या सायकलचं मागचं चाक त्यानं खांबाला बसवलं, त्याला मूठ लावली, पट्ट्यानं आकडे फिरतील अशी जोडणी केली. धाकटी कमरेला वाखाचा जुडगा गुंडाळायची, चार धागे आकड्यात अडकवायची आणि मागे मागे चालायला लागायची. दगड्या चाक फिरवी, पीळ धावत येई, आणि तिच्या बोटांतून दोरी निघत राही. मागं बघायचं नाही, नजर बोटांवर. घरामागची पट्टी ओढ्यापर्यंत जात होती. दिवसभरात ती पट्टी तिनं किती वेळा उलट्या पावलांनी तुडवली याला गणती नव्हती. संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येत आणि सरळ चालायला लागलं की पाय बिचकत. मुलं कुंपणावरून ओरडत, "उलट्या पायांची हडळ आली!" ती म्हणे, "या जवळ, धरते एकेकाला." मुलं पळत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

दगड्याला चहाच्या टपरीवर जास्त ऐकावं लागे.

"काय दगड्या, बायको मागं मागं जाते आणि तू नुसतीच मूठ फिरवतोस म्हणे?"

"हो. तुमच्या घरी काय फिरवता?"

असं उत्तर तो द्यायचा, पण चहा अर्धा ठेवून यायचा. धाकटीला ते कळे. ती घरी पुन्हा चहा टाकी.

दावी, कासरे, बादलीचे दोर, बाजेचा सुंभ असा माल तयार व्हायला लागला. बाजारातल्या दुकानदारानं पहिलं ओझं घेतलं ते नाक मुरडूनच. प्रत्येक दोराचं टोक त्यानं नखानं उसवून पाहिलं, दोन धागे उपटून फुंकले आणि माल दुकानाच्या मागच्या अंधारात, झाडू आणि घमेल्यांच्या पाठीमागे टाकला.

"पुढे टांगा ना," धाकटी म्हणाली. "लोकांना दिसेल तरी."

"पुढे प्लॅस्टिकचा टांगलाय बाई. रंगीत. गिऱ्हाईक रंगाला भुलतं. तुमचा माल म्हणजे कसा, शोधणाऱ्यानं मागून घ्यावा."

मागणाऱ्यांनी मागून घेतला, पण बेतानं. चूल पेटत होती, फुलत नव्हती.

त्यात थोरल्या घराशी बिनसलं. सासऱ्यांनी दोन मुलांसाठी दोन घरं एकाच रांगेत बांधली होती. रस्त्याला लागून थोरल्याचं, त्याच्या मागे अंगण, त्यामागे धाकट्याचं, आणि त्यामागे ती अरुंद पट्टी थेट ओढ्यापर्यंत. वारा खेळता राहावा म्हणून दोन्ही घरांची पुढची-मागची दारं त्यांनी एका रेषेत ठेवली होती. थोरल्याचं दुधाचं काम. गाई ओढ्यावर पाणी प्यायच्या. धाकटीचा कुजवणीचा खड्डा त्यांच्या वरच्या अंगाला होता, आणि कुजलेल्या घायपाताचा वास असा, की माश्यासुद्धा विचार करून बसतील. गाईंनी पाण्यात तोंड घालणं सोडलं. थोरला भावाकडे आला.

"खड्डा हलव."

"दादा, तिथंच पाणी टिकतं. दुसरीकडे कुठं खणू?"

"माझ्या गाई काय तुझा वास पिणार?"

शब्दाला शब्द लागला. वाटणीच्या वेळची भांडीकुंडी निघाली, कोण आईला किती बघतं तेही निघालं. दुसऱ्या दिवशी थोरल्यानं अंगणाच्या मधोमध काट्यांचं कुंपण घातलं. भाऊ भावाशी बोलेनासा झाला. थोरली जाऊ पाणी भरताना भेटली की पदर नाकाला लावून जाई, वास असो वा नसो. सासूबाईंचं बिऱ्हाड थोरल्याकडे, पण जीव दोन्हीकडे. त्यांनी कुंपणाला एक फट पाडून घेतली होती आणि काठी टेकत त्या फटीतून जा-ये करत. काटे लागले की दोन्ही मुलांना शिव्या देत. सारख्या मापाच्या.

असं सगळं चाललेलं असताना नावाडी आला.

नदीवर पूल नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत एक दोर ताणलेला असे आणि नावाडी त्या दोराला धरून नाव ओढून नेई. पाणी चढलं, धार ओढायला लागली, की तो दोर हाच सगळ्यांचा जीव. जुना दोर विरला होता. मध्ये त्यानं प्लॅस्टिकचा आणून पाहिला होता. ओला झाला की हातातून निसटायचा आणि उन्हात तडकायचा.

त्यानं धाकटीचा एक कासरा हातात घेतला, पीळ उलगडून पाहिला, दातांत धरून ओढला आणि म्हणाला, "वळणारी कोण?"

"मी."

"नदीचा दोर वळशील?"

"वळीन की."

"अखंड हवा. जोड नको. नावेच्या कप्पीत गाठ अडकली तर भर धारेत नाव उभी राहते. एकदा राहिली होती, तेव्हापासून मी जोडाला भितो." मग जाता जाता म्हणाला, "वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला माझे सोयरेच नावा चालवतात. त्यांचेही दोर म्हातारे झालेत. माझा टिकला तर ते तुझ्याच दारात येतील. नाही टिकला, तर मीसुद्धा यायचा नाही."

तो गेल्यावर दगड्या बायकोकडे बघत राहिला.

"हो म्हणालीस खरी. एवढा लांब वळणार कुठं?"

धाकटीनं त्याचा विचार केला नव्हता असं नाही. पण गिऱ्हाईक दारात उभं असताना 'बघते' म्हणायचं नसतं, हे तिच्या बापानं शिकवलं होतं. आधी हो म्हणायचं, मग रडायचं.

बारीक दोऱ्या कितीही लांब करता येतात. वळायच्या, गुंडाळायच्या, ठेवायच्या. त्या तिनं केल्या. दोन्ही मुली, एक पाठीशी आणि एक पायाशी, आणि मध्ये ही मागे मागे चालणारी. मोठी दोऱ्यांच्या गुंड्यांची उतरंड रचून त्यावर बसायची. घर वाखानं भरलं, वरणात वाख, केसांत वाख, पांघरुणात वाख. पण पुष्कळ दोऱ्या एकत्र पिळून पदर करायचे आणि तीन पदरांचा दोर वळायचा, तर सगळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ताणलेलं लागतं, दोरापेक्षाही बरंच लांब, कारण पीळ बसतो तसा दोर आखडतो. घरामागची पट्टी निम्म्यालाही पुरत नव्हती. स्वतःच्या घराची दोन्ही दारं उघडून कुंपणापर्यंत आणलं, तरी घोडं अडलंच.

"शेतातून नेऊ," दगड्या म्हणाला.

"ढेकळं आहेत. पदर जमिनीला घासेल."

"नदीच्या वाळूत?"

"वाळूचा कण पदरात शिरला की आतून कापतो. बाहेरून दोर छान दिसतो आणि एक दिवस पटकन तुटतो."

"मग रस्ता आहे."

रस्ता सरळ होता, कोरडा होता, आणि सगळ्यांचा होता. सकाळी लवकर त्यांनी कडेनं बेचकीच्या काठ्या रोवल्या आणि पहिला पदर ताणला. टपरीवरची माणसं चहा घेऊन बघायला आली. एक मोटार थांबली, हॉर्न वाजवला. दगड्यानं चाक सोडून पदर उचलून धरला. ट्रॅक्टर आला, पुन्हा उचलला. दुपारपर्यंत पदराला पीळ कमी आणि धूळ जास्त बसली. तरी धाकटी नेट धरून होती. ऊन कलायला लागलं आणि थोरल्याच्या गाई रानातून परतल्या.

गाईंना वाट माहीत होती. वाटेत दोर आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढची बिचकली, तिनं शिंग घातलं, मागची पुढचीवर चढली, बेचक्या एकामागून एक आडव्या झाल्या. ताणलेल्या पदराचं टोक सुटलं आणि सगळा पीळ उलटा धावला. दिवसभराचं काम बघता बघता गुंत्याच्या गोळ्यासारखं रस्त्यावर पडलं, आणि त्यात थोरल्याची दुभती गाय चारी पायांनी अडकून हंबरायला लागली. टपरीवरच्या एकाच्या नाकात हसता हसता चहा गेला.

थोरला धावत आला. त्यानं गाईच्या मानेवर हात ठेवला, तिला थोपटून उभं केलं. धाकटी खाली बसून गाईच्या पायांतला गुंता सोडवत होती. तिनं कोयती घेतली नाही. बोटांनीच सोडवत होती, गाईला इजा होऊ नये म्हणूनही आणि वाख वाया जाऊ नये म्हणूनही. गाईनं शेपटी तिच्या तोंडावर मारली, तरी ती सोडवतच राहिली. थोरला वरून बघत होता.

गाय मोकळी झाली. थोरल्यानं भावाकडे बघितलं नाही. तो धाकटीला म्हणाला, "घरात दारं कशाला ठेवलीत बापानं?"

"काय भावोजी?"

"रस्त्यावर माझ्या गाई गुंतवण्यापेक्षा घरातून न्या तुमचं ते चऱ्हाट. चारही दारं उघडली की रस्त्यापासून ओढ्यापर्यंत सरळ रेघ आहे." आणि मग, जणू हीच खरी गोष्ट, "पण खड्डा हलवायचा. गाईंच्या खालच्या अंगाला न्यायचा. आजच."

"खालच्या अंगाला खडक आहे," दगड्या आपल्याशीच बोलल्यासारखं बोलला.

"खडक फोडायला कुणाला येतं इथं?" थोरलाही आपल्याशीच बोलला.

दगड्या घण घेऊन गेला. खाण बंद पडल्यापासून घण कोपऱ्यात होता. अंधार पडायच्या आत खडकात नवा खड्डा झाला होता, आणि दगड्याच्या चेहऱ्यावर घाम होता, पण बऱ्याच दिवसांनी घामाखाली माणूस ओळखीचा दिसत होता.

सकाळी कुंपणाचे काटे बाजूला झाले. पदर ओढ्यापासून निघाला, धाकटीच्या स्वयंपाकघरातून आला, अंगणातून गेला, थोरलीच्या स्वयंपाकघरात शिरला आणि ओट्यावरून उतरून रस्त्याकडेला थांबला. पदर ताणलेला असेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, एवढाच नियम. दोन्ही घरांतली माणसं वाकून इकडून तिकडे जायला लागली. मीठ दोराच्या एका बाजूला आणि पाट दुसऱ्या बाजूला. सासूबाई मुळातच वाकलेल्या, त्या म्हणाल्या, "आता कळलं का तुम्हाला मी कशी जगते?"

थोरली तोंडानं काही बोलत नव्हती, पण भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. पहिल्या पदराला जवळजवळ पुरता पीळ बसला, आणि धाकटीला एकदम हाताला जडपणा लागला. पीळ पुढे सरकेना. ती अंगणात धावली. थोरलीनं धुणं धुतलं होतं आणि अंगणातून दोरी गेलीय म्हटल्यावर सवयीनं दोन धोतरं, एक लुगडं आणि चादर तिच्यावर वाळत घातली होती. पदराला झोळ आला होता, ओलं लागून एका ठिकाणी फुगवटा धरला होता.

धाकटी उभी राहिली. थोरल्या जावेला, तिच्या अंगणात, काय बोलायचं?

थोरलीनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग दोराकडे, मग स्वतःच्या लुगड्याकडे. "अगं बाई," ती म्हणाली.

"असू दे जाऊबाई."

"असू दे काय? सगळं वाया गेलं का?"

"एवढा पदर उलगडून परत वळायचा. वाळवून."

"हात मेले माझे. दोरी दिसली की चिमटा शोधतात." थोरलीनं कपडे गोळा करून काखेत मारले. "मी काय करू सांग. आणि लाजत बोलू नको, मी काही तुझी सासू नाही."

"माझी सासू काही लाजायला लावत नाही," धाकटी म्हणाली, आणि फुगवट्याशी बसलेल्या दोघी पहिल्यांदा एकमेकींकडे बघून हसल्या. थोरली ओला भाग लुगड्याच्या पदरानं टिपत बसली. तिथून पुढे ती पहारेकरी झाली. शेजारीण साखर मागायला आली तर तिला दारातच ओरडून थांबवलं, "हात लावलास तर बघ! नदीचा दोर आहे तो!"

तीन पदर तयार झाले. आता दोर वळायचा. हे काम तिघांचं. ओढ्याकडे चाकावर दगड्या. रस्त्याकडे तिन्ही पदरांचं टोक एका आकड्यात, आकडा एका जाड फळीला, आणि फळीवर दगड. दोर आखडेल तशी फळी हळूहळू पुढे घसरत येते. दगड कमी झाले तर दोर ढिला होतो, जास्त झाले तर पदर तुटतो. दगड दगड्यानं निवडले. हातात घ्यायचा, तोलायचा, एक ठेवायचा, एक काढायचा. धाकटीनं त्यात तोंड घातलं नाही. आणि तो आकडा उलट्या बाजूनं फिरवायला माणूस हवा होता. थोरला बाह्या वर सारून रस्त्याकडे जाऊन उभा राहिला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं.

मधलं काम धाकटीचं. तीन खाचांचा लाकडी ठोकळा, प्रत्येक खाचेत एक पदर. ठोकळा पुढे न्यायचा, मागे दोर होत जातो. आज तिला पुढे तोंड करून चालायचं होतं.

अडचण एवढीच होती, की दोन टोकांवरच्या माणसांना एकमेकांशी बोलल्याशिवाय हे होत नाही. हळू, जोरात, थांब. आणि ते दोघे बोलत नव्हते. शिवाय दोन घरं पार करून आवाजही नीट पोचत नव्हता. सासूबाईंनी अंगणाच्या मध्यावर पाट मांडला आणि त्यावर बसल्या.

"सांगा मला. मी सांगते."

थोरला रस्त्यावरून ओरडला, "हळू फिरव म्हणावं!"

सासूबाईंनी मान वळवली. "हळू फिरव म्हणतोय! आणि विचारतोय, हाताची खाज कमी झाली का!"

चाक एकदम हळू झालं. ओढ्याकडून आवाज आला, "झाली म्हणावं!"

"झाली म्हणतो! पण पाठ दुखते म्हणतो, त्या दिवशी खडक फोडला म्हणून!"

"मी कुठं म्हणालो?" दगड्या म्हणाला, पण ते धाकटीच्या घराच्या भिंतीपलीकडे गेलं नाही.

थोरल्याचा आकडा फिरत राहिला. मग, "गरम पाण्यानं शेक म्हणावं. गाईचं तूप आहे घरात, चोळायला. आणि चाक थांबवू नको म्हणावं!"

"तूप देतोय! चोळायला आणि खायला!" सासूबाई म्हणाल्या. "चाक थांबवू नको!"

थोरली दारात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. धाकटीला हसता येत नव्हतं. हसली असती तर ठोकळा हलला असता. तिच्या मनगटांवर तीन पदरांची ओढ होती, आणि पाठीमागे दोर जन्माला येत होता, गोल, घट्ट, पांढरा. ती थोरल्याच्या घरातून निघाली, अंगणात सासूबाईंच्या डोक्यावरून ठोकळा नेला, आणि स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर आली. तिथं ठोकळ्याची कड चौकटीला अडकली. मागून पीळ भरत आला, पुढून ओढ वाढली, तिच्या हातांतला ठोकळा थरथरायला लागला.

"थांबवा!" ती किंचाळली.

निरोपाला वेळ नव्हता.

"थांब रे!" थोरला गरजला.

"दादा, धर!" त्याच क्षणी दगड्या ओरडला.

दोन्ही आवाज सासूबाईंच्या डोक्यावर येऊन आपटले. चाक थांबलं, आकडा थांबला. धाकटीनं ठोकळा हळूच तिरका केला, चौकटीतून काढला, श्वास घेतला. जीव भांड्यात पडला.

"चला," ती म्हणाली.

"हं, फिरव!" थोरला म्हणाला. सरळ भावाला म्हणाला.

सासूबाई उठल्या, पाट काखेला मारला. "माझं काम गेलं," असं पुटपुटत त्या चहा मागायला आत गेल्या. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण त्यांनीच या दोघांवर शंभरदा टाकली होती. त्या दिवशी टाकली नाही.

दोर नदीवर नेला तेव्हा पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. वरच्या बाजूला कुठंतरी पाऊस झाला असावा. दोराचं वेटोळं दोघा भावांनी काठीवर घालून खांद्यावर नेलं. दोघांची उंची सारखी नव्हती, त्यामुळे वेटोळं सारखं थोरल्याकडे घसरे आणि तो शिव्या देई. पलीकडच्या काठावर टोक गेलं. नावाडी खुंटाला वेढे देत होता आणि धाकटी या काठावरून बघत होती. दोन वेढे बसले. तिसऱ्याला दोर पुरेना.

"कमी पडला?" तिनं हाक मारली.

पलीकडून नावाड्यानं दोराला लोंबकळून पाहिलं, दोन्ही पाय उचलून. मग ओरडला, "दोन पुरे! तिसरा शोभेला असतो!"

पण नव्या दोरावर पहिल्यांदा ताण आला की तो सैल पडतो. मधोमध तो पाण्याला टेकला, आणि धार त्याला खाली ओढायला लागली. दगड्यानं आदल्या दिवशी पिशवी शोधून ठेवली होती. धाकटीनं ती बघितली होती. नावाडी या काठाला परत आला, खुंटावरून दोर सोडला, चौघांनी मिळून ओढला, पुन्हा बांधला. दोर पाण्यातून वर आला, थेंब गाळत. पाणी मुरलं तसा आवळत गेला. नावाड्यानं त्यावर हात फिरवला, एका काठापासून नाव ओढत दुसऱ्या काठाला गेला, परत आला, आणि तळहात उघडून धाकटीला दाखवले.

"बघ. सोललेत?"

"नाही."

"निसटला का?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? चल, बस नावेत. पहिली फेरी वळणारीची."

धाकटी बसली, कडेवर मुलगी. थोरलीही बसली, "मला कुठं जायचं नाही, पण बसते," असं म्हणत. मध्यावर गेल्यावर धाकटीनं दोराला हात लावला. तो ताठ होता, आणि खालच्या धारेची थरथर त्यातून तिच्या बोटांत येत होती.

नदी भरली. दोर टिकला. खालच्या अंगाचा नावाडी आला, मग वरच्या अंगाचा, मग विहिरी खणणारे आले. मुकादमाचा माणूस पुन्हा आला तेव्हा दगड्या चाकावर होता.

"काय ठरलं?"

"दिसत नाही का? चाक थांबवता येत नाही." आणि माणूस गेल्यावर बायकोला म्हणाला, "ती पिशवी वाख ठेवायला घे."

धंदा म्हणून सगळं गोड नव्हतं. पुढेही घायपात खाजायचंच, एखादं गिऱ्हाईक शब्द फिरवायचं, एखाद्या दमट हंगामात वाख काळा पडायचा आणि दोघं चिडून एकमेकांवर ओरडायची. पण ओरडायला घरात दोघं होती. दुकानदार स्वतः आला, तेव्हा धाकटी म्हणाली, "देते, पण पुढे टांगायचा." त्यानं टांगला, रंगीत दोराच्या वर. दगड्या टपरीवर पुरा चहा पिऊन येऊ लागला. मोठा दोर असला की चारही दारं उघडत, थोरला बाह्या सारून रस्त्याकडे जाऊन उभा राही, आणि थोरली शेजारणींवर ओरडे. काट्यांचं कुंपण चुलीत गेलं.

सासूबाई पुढच्या वर्षी वारल्या, नदीचं पाणी उतरत असताना, सकाळचा चहा झाल्यावर. थोरल्यानं त्यानंतर पाच वर्षं रस्त्याकडचं टोक सांभाळलं. तो उन्हाळ्यात, तापानं, दुपारी गेला.